निकमबाईंचं हिरवं वर्तुळ

“बसा. मी पळायला गेलेय, येईन एवढ्यात,” निकमबाई म्हणाल्या.

त्या माझ्यासमोरच बसल्या होत्या. वेताच्या खुर्चीत, डावा पाय पुढच्या स्टुलावर लांब केलेला, आणि खुर्चीला टेकून चार पायांचा वॉकर उभा. मी हातातल्या फोनकडे पाहिलं. फोनमध्ये कराडचा नकाशा होता, नकाशावर हिरवा ठिपका होता आणि ठिपक्याखाली लिहिलं होतं, सुलभा निकम, वय त्रेसष्ट. ठिपका घाटावरून प्रीतिसंगमाच्या बागेकडे चांगल्या वेगानं निघाला होता.

बाईंनी विचारलं, चहा घेणार ना. मी बाईंकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं आणि हो म्हणालो. काही कळेनासं झालं की चहाला हो म्हणावं, हे मी आमच्या वडिलांकडून शिकलो आहे.

त्या काळी मी पुण्यात ‘हुरूप’ नावाच्या कंपनीत होतो. कंपनी म्हणजे मी, आमचा मालक सारंग दातार, प्रोग्रॅम लिहिणारी दोन मुलं आणि खालच्या फरसाणवाल्याच्या कढईचा वास. आम्ही पळणाऱ्यांसाठी ॲप काढलं होतं. मनगटाला घड्याळ बांधायचं, दरमहा वर्गणी भरायची, की घड्याळातून एक कृत्रिम बुद्धीची कोचबाई बोलू लागायची. काल तुम्ही किती पळालात, छाती किती धडधडली, झोप कशी झाली, हे सगळं बघून ती आजचा बेत ठरवायची. तिचा आवाज सारंगच्या मावशीच्या आवाजावरून बनवला होता. मावशी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे ‘आपण छान धावत आहात’ हे वाक्यसुद्धा शिक्षा सुनावल्यासारखं ऐकू यायचं. सारंग स्वतः कधी पळाला नाही. लिफ्ट बंद असली की तो घरून काम करायचा.

बाजारपेठ हा त्याचा आवडता शब्द. या देशात इतके लोक, त्यातला एक टक्का जरी पळाला तरी आपण कुठल्या कुठे जाऊ, असं तो दिवसातून दोनदा तरी सांगायचा. तो एक टक्का एक जानेवारीला खरंच यायचा, नवे बूट घालून. संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला की तो परत अंथरुणात जायचा आणि वर्गणी बंद करायचा. वर्गणी बंद करण्याचं बटण आम्ही ॲपमध्ये इतकं आत लपवलं होतं की आम्हाला स्वतःला सापडत नसे. गिऱ्हाइकांना मात्र ते बरोबर सापडायचं.

या सगळ्या पडझडीत एकच नाव टिकून होतं, सुलभा निकम, कराड. ही बाई रोज पळायची. गणपतीत पळाली, दिवाळीच्या पाडव्याला पळाली, थंडीतापात पळाली. सारंगनं तिचा आलेख छापून भिंतीवर लावला होता, जिथं इतर लोक देवाचा फोटो लावतात तिथं. एकदा तर तिनं ओगलेवाडीपर्यंतचं अंतर इतक्या वेगानं कापलं होतं की आम्ही यंत्रात दोष आहे असं समजून पंधरा दिवस तो शोधत बसलो.

आणि आता मुंबईहून देवयानी सबनीस येणार होत्या. त्या नव्या कंपन्यांत पैसे घालायच्या. आमच्याकडे त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, त्या नाही म्हणाल्या तर कंपनीला टाळं लागणार होतं. त्यांनी आमचे सगळे आकडे पाहिले आणि एकाच नावावर बोट ठेवलं. मोठ्या शहरातले लोक चपला बदलाव्यात तशी ॲपं बदलतात, त्यांच्या भरवशावर मी नाही, असं त्या म्हणाल्या. पण कराडची त्रेसष्ट वर्षांची बाई जर पळायला शिकण्यासाठी दरमहा पैसे मोजत असेल तर बाजार गावोगाव आहे. मला त्या बाईबरोबर पळायचंय, असं त्यांनी सांगून टाकलं. मी मूळचा तिकडचा, म्हणून सारंगनं मला आदल्या दिवशी बाईंना तयार करायला पाठवलं होतं.

चहा संपायच्या आत ठिपका घरी आला. दार ढकलून आत आल्या त्या भारतीआक्का, घामानं निथळत, नऊवारीवर पांढरे बूट आणि हातात आमचं घड्याळ. त्यांची कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. त्यांनी घड्याळ सोडून निकमबाईंच्या मांडीवर टाकलं आणि जमिनीवरच बसकण मारली.

“ती कोचबाई लई आगाव हाय,” आक्का मला म्हणाल्या, जणू माझी न् त्यांची जुनी ओळख. “मला म्हणती, सुलभाताई, श्वासावर लक्ष द्या. म्हटलं, बाई, श्वास आला तर लक्ष दीन की.”

मग उलगडा झाला. निकमबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. नवरा गेला, एकुलता एक मुलगा विक्रांत मेलबर्नला. मागं एकदा तो त्यांना तिकडं घेऊन गेला होता. सहा महिने त्या तिथं खिडकीत बसल्या, तेवढ्या काळात एकाही माणसानं दार वाजवून ‘आहात का’ म्हणून विचारलं नाही. परत आल्या त्या पुन्हा न जाण्याचा पण करूनच. विक्रांतनं तेव्हा बजावलं होतं, ठीक आहे, राहा, पण तुला काही झालं तर मी घर विकून तुला कायमची घेऊन येणार. आणि काळजी म्हणून त्यानं हे घड्याळ पाठवलं, दरमहाची वर्गणी स्वतःच्या माथी घेऊन. आमच्या ॲपमध्ये एक सोय होती, पळणाऱ्याच्या घरच्या एका माणसाला रोजचा हालहवाल कळायचा. दिवसाचं पळणं पुरं झालं की त्याच्या फोनवर एक वर्तुळ हिरवं व्हायचं.

बाई दोन महिने खरोखर पळाल्या. मग न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. मुलाला कळवायचं नाही असं त्यांनी दवाखान्यातच ठरवलं, कारण कळलं की घर गेलंच. पण वर्तुळाचं काय? ते भरलं नसतं तर विक्रांतनं फोन करून तीस प्रश्न विचारले असते.

इथं बायकांची भिशी कामाला आली. आळीतल्या सात जणींची भिशी होती, त्यांनी घड्याळाचीही भिशी लावली. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिची निघेल तिनं त्या दिवशी निकमबाई व्हायचं, आणि सगळ्यांची एकेकदा निघाल्याशिवाय कुणाची दुसऱ्यांदा नाही. भिशीचा नियम म्हणजे नियम. एकदा आक्कांचा नंबर लागला त्या दिवशी त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी घड्याळ पुतण्याच्या स्कूटरच्या हँडलला बांधून त्याला ओगलेवाडीला पिटाळलं. आमचे पंधरा दिवस कुठं गेले ते मला तेव्हा कळलं.

बिचाऱ्या कोचबाईची मात्र पार दैना झाली होती. तिच्या लेखी एकच बाई एके दिवशी वाऱ्यासारखी पळायची, दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापाशी बसून अर्धा तास गप्पा मारायची आणि तिसऱ्या दिवशी मध्येच भाजी घ्यायची. तिनं नाना उपाय सुचवले. शेवटी सुलभाताईंना मनाच्या डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला दिला. तो निरोप सातही जणींनी मोठ्यानं वाचून हसून घेतला होता.

मी म्हणालो, उद्या सकाळी एक बाई मुंबईहून सुलभा निकम यांच्याबरोबर पळायला येणार आहेत.

निकमबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण ऑपरेटर बाई, घाबरली तरी आवाजात दाखवायची नाही. “उद्या शकिला सुलभा होईल,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांत ती चांगली पळते. मी तिची मावसबहीण, पाय मोडलेली. तुम्ही फक्त गप्प बसायचं.”

शकिला मुल्ला ही शेजारची शिवणकाम करणारी, पन्नाशीची, शिडशिडीत. मी बाहेर येऊन सारंगला फोन लावला आणि सगळा प्रकार सांगितला. वाटलं होतं, हादरेल. त्यानं एवढंच विचारलं, रोज कोणीतरी पळतंय ना, वर्गणी येतेय ना. मग गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ठेवता ठेवता म्हणाला, मीही एक गंमत करून ठेवलीय, मॅडम खूश होतील. गंमत काय ते सांगायच्या आत फरसाण आलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवयानीबाई आल्या. पांढरे कापलेले केस, पायात चांगले झिजलेले बूट, बोलणं मोजकं. शकिलाभाभींनी घड्याळ बांधलं आणि दोघी घाटावरून निघाल्या. मी मागून धापा टाकत होतो. देवयानीबाई विचारायच्या, कोचबाईमुळे काय फरक पडला? शकिलाभाभी म्हणायच्या, होय. कंटाळा नाही येत? न्हाई. एवढं वय वाटत नाही तुमचं. होय. मी मनात म्हटलं, चला, घोडं गंगेत न्हाणार असं दिसतंय.

परत आलो तेव्हा आक्कांनी पोहे केले होते. देवयानीबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि खुशीत होत्या. असं गिऱ्हाईक दर गावात शंभर मिळालं तरी मला पुरे, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. मी दुसऱ्यांदा पोहे घेतले.

तेवढ्यात निकमबाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. चित्रासकट. विक्रांत, मेलबर्न. सारंगची गंमत ती हीच. गिऱ्हाइकाच्या मुलानं मॅडमसमोर दोन शब्द बोलावेत म्हणून त्यानं परस्पर वेळ ठरवली होती.

फोन वाजत राहिला. घेतला नाही तर तो घाबरणार, घेतला तर सोंग उघडं पडणार. निकमबाईंनी एकदा शकिलाभाभींकडे पाहिलं, एकदा देवयानीबाईंकडे, आणि आक्कांना खूण केली. आक्कांनी क्षणाचाही विचार न करता तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि निकमबाईंच्या तोंडावर मारलं. खांद्यावर पंचा टाकला. निकमबाईंनी फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला, म्हणजे पाय दिसायला नको, आणि धापा टाकत म्हणाल्या, “हां विकू, बोल. आत्ताच आले पळून.”

देवयानीबाईंचा चमचा तोंडाशी थांबला.

विक्रांत भला माणूस दिसत होता. समोर डबा उघडा होता, कचेरीतली जेवणाची सुट्टी असावी. कंपनीची माणसं तुझ्याजवळ आहेत ना, असं त्यानं विचारलं आणि आम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलू लागला.

“हे ॲप आल्यापासून मला आईची काळजीच राहिलेली नाही. डबा उघडला की आधी वर्तुळ बघतो. हिरवं असलं की झालं. पूर्वी दर दोन दिवसांनी फोन करायला लागायचा, आता तेही लक्षात राहत नाही.” मग तो हसला. “आई, किती दिवसांनी बघतोय गं तुला. वाळलीस. पळतेस म्हणून असेल.”

“त्यामुळेच,” निकमबाई म्हणाल्या. “वर्तुळ दिसतंय तर फोन कशाला करायचा.”

आणखी दोन-चार वाक्यं झाली. त्याची मीटिंग होती. फोन बंद झाला तेव्हा निकमबाईंच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आक्का उगीच पोह्यांची कढई हलवत राहिल्या. मला एकदम आठवलं की काल तीस प्रश्नांची गोष्ट सांगताना बाईंनी ते प्रश्न पाठ असल्यासारखे म्हणून दाखवले होते.

देवयानीबाईंनी आधी बशीतले पोहे संपवले. मग शकिलाभाभींना विचारलं, तुमचं खरं नाव काय. शकिलाभाभींनी सांगितलं आणि पदर सावरत म्हणाल्या, “फसवायचं मनात नव्हतं, मॅडम. हिचं घर राहावं म्हणून केलं.” मग निकमबाईंनी स्वतःच सगळं सांगितलं, न्हाणीघरापासून डब्यातल्या चिठ्ठ्यांपर्यंत. देवयानीबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या उलट माझ्याकडे वळल्या आणि त्यांचे डोळे चमकत होते.

“तुम्हाला तुमचं गिऱ्हाईकच कळलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पळणाऱ्याला हे ॲप कोण विकतं? तो संक्रांतीला पळून जाणार. ज्याला ते वर्तुळ हवंय त्याला विका. आई इथं आणि आपण तिकडं, अशी माणसं या एका आळीत किती आहेत ते मोजा. तो कधी वर्गणी बंद करणार नाही. त्याची हिंमतच होणार नाही.”

हातच्या काकणाला आरसा कशाला. आम्ही वर्षभर जी बाजारपेठ शोधत होतो ती या खोलीत पोहे खात बसली होती. माझ्या डोळ्यांसमोर टाळं उघडलं, मी पगाराचं स्वप्नही पाहून घेतलं. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, एकच अट आहे. घड्याळ कुणाच्या मनगटावर आहे ते त्याला चालीवरून ओळखता आलं पाहिजे. दुसऱ्या कुणी बांधलं तर वर्तुळ भरता कामा नये. खोटं नाणं आज ना उद्या उघडं पडतं आणि सगळा बाजार घेऊन बुडतं.

ते करता येण्यासारखं होतं. आमच्या पोरांनी महिन्याभरात केलं असतं.

“म्हणजे मी बसलेली असले तर त्याला बसलेलीच दिसणार?” निकमबाईंनी विचारलं.

“हो,” देवयानीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा उतरला होता.

आक्का पुढं येऊन म्हणाल्या, ते व्हायला महिना हाय, तवर आमी पळतोय, मग बघू. शकिलाभाभी म्हणाल्या, मी तुझी चाल शिकून घेते, वॉकर घेऊन पळते हवं तर. हे त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. निकमबाईंना हसू आलं, मग ते हसू गेलं आणि त्यांनी हात पुढं केला.

“आण ते घड्याळ इकडं.”

त्यांनी ते स्वतःच्या मनगटाला बांधलं. वॉकर पुढं ओढला आणि उठल्या. आम्ही सगळे धावलो तर त्यांनी नजरेनंच सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. मग त्या अंगणाच्या दिशेनं निघाल्या. वॉकर पुढं टाकायचा, चांगला पाय, मग तो दुसरा. मध्येच थांबून दाराची चौकट धरली. त्यांचा श्वास या वेळी खरोखरच लागला होता. घड्याळातून सारंगच्या मावशीचा आवाज आला.

“सुलभाताई, आज आपली गती नेहमीपेक्षा फारच कमी आहे. काही त्रास होतो आहे का?”

“होतोय,” निकमबाई म्हणाल्या. “फार होतोय.”

आक्कांनी तोंडाला पदर लावला. इतक्या महिन्यांत त्या बाईच्या तोंडून हा शब्द त्यांनीही ऐकला नव्हता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. बाई उंबरा ओलांडून अंगणात गेल्या, तुळशीला वळसा घातला आणि कट्ट्यावर टेकल्या. सकाळचं भरलेलं वर्तुळ मेलबर्नला अजून हिरवंच असणार, पण पळणाऱ्यानं स्वतः त्रास होतोय असं सांगितलं की कोचबाई त्याच्या चालीच्या नोंदीसकट घरच्या माणसाला निरोप पाठवायची. मीटिंग चालू असो नसो, फोन लगेच वाजला. आक्कांनी तो आतून आणून दिला, या वेळी नुसताच आवाज.

विक्रांत म्हणत होता, आई, घड्याळ बिघडलंय वाटतं, तू चालूच शकत नाहीस असं दाखवतंय.

“घड्याळ चांगलंय, विकू,” निकमबाई म्हणाल्या. “पाय मोडलाय.”

मग तो एकामागून एक विचारू लागला, कधी, कसा, कोणता डॉक्टर, मग रोज पळत कोण होतं. बाईंनी तिसाच्या तीस प्रश्नांची उत्तरं दिली, न चिडता, सगळी खरी. शेवटी तो काय म्हणाला ते ऐकू न येताही आम्हाला कळलं, कारण निकमबाईंनी पाठ ताठ केली.

“ये ना. जरूर ये,” त्या म्हणाल्या. “पण न्यायला येऊ नकोस. बघायला ये.”

देवयानीबाई निरोप घेताना निकमबाईंच्या पाया पडल्या. गाडीपर्यंत मी गेलो. बाजारपेठ आहे, त्या म्हणाल्या, तुम्हाला वाटते त्याच्या दसपट आहे. मी विचारलं, मग सारंगला हो कळवू? त्या बुटाची नाडी बांधत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

“माझी आई दादरला असते. एकटी,” त्या म्हणाल्या. “तुमचं ते वर्तुळ सगळ्यांत आधी मी विकत घेईन. म्हणून यात पैसे घालणार नाही.”

हुरूप दोन महिन्यांत बंद पडली. सारंगनं मला बरेच दिवस शिव्या घातल्या, मग त्यानं कुत्र्यांच्या व्यायामाचं ॲप काढलं आणि ते चांगलं चाललंय, कुत्री वर्गणी बंद करत नाहीत. मला दुसरी नोकरी लागायला उन्हाळा उजाडला.

विक्रांत पंधरवड्याच्या आत कराडला आला, येताना दोन माणसांची परतीची तिकिटं घेऊन. आल्या आल्या आईवर ओरडला, मग घर विकायचं म्हणून कुणाला तरी दाखवायला आणलं. त्या माणसाला आक्कांनी गिरणीपाशीच गाठून इतकी माहिती दिली की तो आत आलाच नाही. पुढचे दिवस विक्रांत आईला धरून रोज अंगणात चालवत होता. आधी तुळशीपर्यंत, मग फाटकापर्यंत, मग आळीच्या तोंडापर्यंत, आणि वाटेत प्रत्येक दारातली बाई निकमबाईंना हाक मारायची, थांबवायची, काहीबाही खायला द्यायची. चार घरं जायला त्यांना तासभर लागायचा. शकिलाभाभी सांगत होत्या, पहिले दोन दिवस तो घड्याळाकडे बघून चुळबुळ करायचा, मग त्यानं बघणं सोडून दिलं.

निघायच्या दिवशी त्यानं आईची बॅग भरायला घेतली नाही. स्टँडवर दोघांबरोबर आक्का गेल्या होत्या. गाडी हलली तेव्हा विक्रांत आत होता आणि निकमबाई वॉकरला धरून फलाटावर उभ्या होत्या.